डावी बाजू

४ फेब्रुवारी

मेहुणेबुवा,

खुशाली विचारत नाही. सतरा वर्षं विचारली नाही, आज विचारली तर तुला वाटेल याचं काहीतरी अडलंय. माझं काही अडलेलं नाही. एक बातमी द्यायची आहे, ती वाच आणि मग हवं तर पत्र फाडून टाक. फोन करणार होतो, पण फोनवर मी तुला बोलू देणार नाही हे तुलाही माहीत आहे आणि मलाही.

वकीलसाहेबांची गाडी परत आलीय.

हो, तीच. फुगीर मडगार्डांची, गोल दिव्यांची, हिरवी. परवा ट्रकवरून उतरवली. चारही चाकांत हवा नाही, म्हणून चौघांनी ढकलत आत घेतली आणि मागच्या भिंतीशी उभी केली. वीस वर्षांपूर्वी तू आणि मी तिचा गंज काढला तो याच जागी. स्वतःची बोटं चिरडली त्या दिवसापासून साहेबांनी तिला घरच्या गॅरेजमध्ये कोंडून ठेवली होती. मधल्या काळात कुणाचा पाना तिला लागलेला नाही. जशी बंद झाली तशीच आली.

याचा अर्थ तुझ्या लक्षात आला असेल. त्या दिवशी भर दुकानात, दहा माणसांसमोर तू म्हणालास, "माझ्या कामात खोट नाही. उघडून बघा." उघडायला साहेबांनी गाडी दिली नाही. तू पाना बाकावर ठेवलास आणि गेलास. तो गेलास तो दुकानातून गेलास, आमच्या घरातून गेलास आणि सख्ख्या बहिणीच्या दारातूनही गेलास. आता गाडी माझ्या ताब्यात आहे आणि ग्राइंडर माझ्या हातात आहे. उघडून बघतो.

कामाची वाटणी विसरला असशील तर सांगतो. पुढची काच जिथे बसते त्याच्या खालची पन्हळ आणि सगळी उजवी बाजू माझी. सगळी डावी बाजू तुझी, म्हणजे दोन दारं आणि दारांखालची ती लांब पत्र्याची पेटी, जिला आपण सिल म्हणतो. तीन वर्षांनी साहेब रस्त्यात टायर बदलायला बसले, जॅक डाव्या सिलखाली लावला आणि सिल खोक्यासारखं आत गेलं. गाडी खाली आली, साहेबांचा उजवा हात मडगार्डात. उजवं सिल आजही हातोडी मारली तर खणखण वाजतं. मी कालच वाजवून बघितलं.

साहेब आता ब्याऐंशीचे आहेत. वकिली सोडली, पण सवय सुटलेली नाही. स्वतःची खुर्ची घेऊन येतात आणि दहा ते एक समोर बसतात. मला म्हणाले, "मिस्त्री, मला ही गाडी पुन्हा चालवायची आहेच. पण त्याआधी माझी बोटं कुणी खाल्ली ते कळलं पाहिजे. तुम्ही म्हणालात मेहुण्यानं. मेहुणा म्हणाला, मी नाही. माझ्या उभ्या आयुष्यात पुराव्याशिवाय बंद झालेली ही एकच केस."

मी म्हटलं, "पुरावा महिन्याभरात देतो."

तुलाही देईन. म्हणून हे पत्र. तुझा पत्ता तुझ्या मावशीकडून मिळाला. बसच्या बॉड्या बांधणाऱ्या कारखान्यात वेल्डिंगचा मुख्य झालास म्हणे. हात मीच शिकवलेला, त्यामुळे आश्चर्य वाटलं नाही.

तुझ्या ताईला हे पत्र लिहितोय ते सांगितलेलं नाही. निकाल लागला की सांगेन.

तुझा भाऊजी


१९ फेब्रुवारी

मेहुणेबुवा,

उत्तर नाही. हरकत नाही, मी उत्तरासाठी लिहीत नाही.

काम जोरात आहे. सीटा, गालिचे, दारांचे आतले पुठ्ठे सगळं काढलं. मग लोहचुंबक घेऊन गाडीभर फिरलो. जिथे चुंबक चिकटला नाही तिथे पत्रा नाही, नुसती पुट्टी. साहेबांना हा खेळ फार आवडला. चुंबक माझ्या हातातून घेतला आणि वाकडी बोटं सांभाळत स्वतः फिरवायला लागले. मागच्या उजव्या चाकावर चुंबक घसरून खाली पडला, तर माझ्याकडे असे बघतात जसा मी खोटा साक्षीदार. मी म्हटलं, "साहेब, ही पुट्टी आमच्याकडे यायच्या आधीची. आमच्या वेळी हा भाग तुम्हीच करू दिला नव्हता."

"तारीख?" म्हणे.

यादी अशी झाली. दोन्ही मागच्या चाकांवरच्या कमानी गेल्या. डिकीचा तळ, जिथे जादा चाक बसतं, तिथे चाळणी झालीय. बॅटरीखालचा पत्रा तर बोटानं तुटला. पुढच्या मडगार्डांचे मागचे कोपरे, जिथे चाकानं उडवलेला चिखल साठून राहतो, ते दोन्ही कापावे लागणार. या जुन्या गाड्या म्हणजे दिसायला राण्या, पण बनवणाऱ्यानं पाण्याला आत यायला दहा वाटा ठेवल्या आणि बाहेर जायला दोन.

आता मुद्द्याचं. उजवं सिल उघडलं. बाहेरचा पत्रा एक वीत कापून दिवा आत घातला. मेहुणेबुवा, आत कोरडं ठणठणीत. गंज रोखणारा रेड ऑक्साइडचा रंग वीस वर्षांपूर्वी मारला तसा लाल. साहेबांना बोलावून दाखवलं. ते गुडघ्यावर बसू शकत नाहीत, म्हणून आरसा धरून दाखवलं.

"हे तुमचं काम?"

"माझं."

"आणि तीच गाडी, तेच रस्ते, तोच पाऊस?"

"तेच सगळं."

"मग डावीकडं काय वेगळं होतं?"

मी म्हटलं, "हात वेगळा होता."

हे वाक्य मुद्दाम तुला कळवतोय. पुढच्या आठवड्यात डावी बाजू.

भाऊजी


३ मार्च

मेहुणेबुवा,

डावं सिल उघडलं.

त्याआधी दारांच्या चौकटीत आडव्या-उभ्या नळ्या वेल्ड करून घेतल्या. सिल कापलं की गाडी कमरेत वाकते आणि मग जन्मात दारं बसत नाहीत. दोन दिवस त्यातच गेले. माझा गुडघा मध्येच धरला. वय झालं असं डॉक्टर म्हणतो, डॉक्टर स्वतः माझ्याहून मोठा आहे.

बाहेरचा पत्रा निघाला. आतली परिस्थिती गुंतागुंतीची आहे. अजून निष्कर्ष काढलेला नाही. साहेबांना सांगितलं, तपास चालू आहे. ते म्हणाले, "उजवीकडचा निष्कर्ष पाच मिनिटांत निघाला होता."

तू त्या वेळी आतल्या पत्र्याला वेल्डिंगचे टाके किती अंतरावर मारायचास? दोन बोटं की तीन? सहज विचारतोय.

डिकीचा तळ झकास झालाय. नवा पत्रा, नव्या घड्या, कुणाला सांगितलं तरी खरं वाटणार नाही.

भाऊजी


११ मार्च

मेहुणेबुवा,

दोन बोटं. मी मोजलं. तू आतला पत्रा बदलला होतास. पुढून मागपर्यंत सगळा, एकही तुकडा न टाळता. त्याच्यावर सुईनं तारीख कोरलेली आहे, तुझ्या अक्षरात. ती पहिल्याच दिवशी दिसली होती. गेल्या पत्रात लिहिलं नाही.

तुझे टाके आजही धरून आहेत. टाक्यांच्या मधला पत्रा गेलाय, टाके उभे आहेत. माझ्या चाळीस वर्षांत मी असं पाहिलेलं नाही. गंज बाहेरून आत आलेला नाही आणि तू ठेवलेला जुना गंजही वाढलेला नाही, कारण तू ठेवलाच नव्हतास. पत्रा आतून सडला. पेटीत पाणी उभं राहिलं आणि तिथेच राहिलं. तळाला तू पाणी जायला तीन भोकं सोडली होतीस, ती तिन्ही बारीक मातीनं बुजलेली. पोतंभर नाही, पण दोन ओंजळी माती निघाली. दारातून एवढी माती येत नाही. ती वरून, पाण्याबरोबर आली.

वर काय आहे ते तुला माहीत आहे. काचेखालची पन्हळ. माझी.

पन्हळीला दोन भोकं, एक उजवीकडं, एक डावीकडं. काचेवरचं पाणी त्यातून चाकामागे रस्त्यावर पडलं पाहिजे. आम्ही पाणी ओतून पाहिलं. उजवीकडं पाण्याचा मग रिकामा व्हायच्या आत जमिनीवर धार. डावीकडं काही नाही. पाणी पन्हळीत चढलं, सांध्यापर्यंत गेलं, मग दाराच्या खांबाच्या आतून खाली उतरलं आणि तुझ्या सिलमध्ये येऊन बसलं. तिथे आम्ही सगळे उभे राहून बघत होतो.

डावं भोक मी उकरलं. आत पुट्टी होती. त्या काळात ती राखाडी पुट्टी फक्त मी वापरायचो, तू तिला नावं ठेवायचास.

तेव्हा असं आहे. मी लिहिलं होतं पुरावा देईन, दिला. काम चुकलं तर चुकलं म्हणायला मला लाज वाटत नाही. गडबडीत पुट्टी भोकात गेली असणार. कुणाकडूनही होतं.

भाऊजी


२४ मार्च

बाळ,

ही हाक मी तुला शेवटची कधी मारली ते आठवत नाही. आमच्या लग्नात तू अकरा वर्षांचा होतास आणि माझ्या बुटांना पॉलिश करून दिलं होतंस, तेव्हापासून बरीच वर्षं मारत होतो.

गेल्या पत्रातल्या तीन गोष्टी दुरुस्त करायच्या आहेत. पत्र्याचं काम असो की पत्राचं, अर्धवट सोडलेलं मला चालत नाही.

पहिली. "आम्ही पाणी ओतून पाहिलं" असं लिहिलं. ओतलं साहेबांनी. मी आठवडाभर तपास चालू आहे म्हणत डिकीचं काम काढून बसलो होतो. शेवटी ते खुर्चीतून उठले, नळावर मग भरला आणि म्हणाले, "मिस्त्री, मला गंज कळत नाही. पाणी कळतं. ते कुठंतरी मुरतंय." आणि डाव्या हातानं पन्हळीत ओतलं. मी शेजारी उभा होतो. मला मग हिसकावून घेता आला असता, एवढा विचार माझ्या मनात येऊन गेला, हेही लिहून टाकतो.

दुसरी. "गडबडीत पुट्टी भोकात गेली असणार." गेली गडबडीतच. पण ती गेली हे मला माहीत होतं, कारण तू सांगितलं होतंस. गाडी रंगून तयार होती, साहेब चावी घ्यायला दारात उभे होते, तू माझ्या जवळ येऊन हळूच म्हणालास, "भाऊजी, डावीकडचं भोक बुजलंय. मी उकरू का?" मी म्हणालो, "रंग झालाय. आता उकरलं तर ओरखडा दिसेल. पुढच्या सर्व्हिसला बघू." पुढच्या सर्व्हिसला मी विसरलो. तू विसरला नसशील. पण एकदा नाही म्हटल्यावर माझ्याकडे दुसऱ्यांदा तीच गोष्ट काढायची कुणाची टाप नव्हती, आणि तशी ती नसावी अशी व्यवस्था मीच करून ठेवली होती.

तिसरी सगळ्यात अवघड आहे, म्हणून ती सरळ लिहितो. साहेब हाताला बँडेज बांधून दुकानात आले आणि विचारलं, "डावी बाजू कुणाची?", तेव्हा मला ते भोक आठवलं होतं. त्याच क्षणी आठवलं. तू माझ्याकडे बघत होतास. तू दहा माणसांत भोकाचं नाव काढलं नाहीस. तुझं काम सांगितलंस, माझं सांगितलं नाहीस. मी सांगेन असं तुला वाटलं असणार. मी म्हणालो, "डावी बाजू याची. मी तिला हात लावलेला नाही." त्यात एकही शब्द खोटा नव्हता. म्हणूनच तो इतक्या सहज निघाला.

का म्हणालो? दुकानाला नाव मिळत होतं, पाटीवर माझं एकट्याचं नाव होतं, साहेबांचा शब्द गावभर चालायचा. शिवाय तुझा हात माझ्यापेक्षा बरा होत चालला होता. माणसं गाडी आणून विचारायला लागली होती, "धाकटे मिस्त्री आहेत का?" हे कारण मी आजवर स्वतःलाही सांगितलं नव्हतं. सतरा वर्षांत मी ती गोष्ट इतक्या वेळा माझ्या बाजूनं सांगितली की मलाही ती तशीच झाली असं वाटायला लागलं. तुला पहिलं पत्र लिहिलं तेव्हा मी खरोखर जिंकणार म्हणून बसलो होतो. त्यात ढोंग नव्हतं. तेच वाईट आहे.

साहेबांना हे सगळं सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. ते बोटं चोळत म्हणाले, "बोटांचं जाऊ द्या, ती पहिल्यासारखी व्हायची नाहीत. त्या मुलाला माझ्यासमोर उभं केलंत आणि मी त्याला नाही नाही ते बोललो. मी. साक्ष न काढता. ते कुठं टाकू?" मग म्हणाले, "आता तुमच्या घरात कुणाला माहीत आहे?"

घरात त्याच संध्याकाळी सांगितलं. तुझी ताई भाजी निवडत होती. ऐकून घेतलं, भाजी निवडून संपवली. दुसऱ्या दिवशी सकाळी, मी आंघोळीला गेलो तेवढ्यात, दुकानात गेली. चाळीस वर्षांत दुकानात पाऊल न टाकणारी बाई गाडीशेजारी जमिनीवर बसली आणि आपल्या जुन्या पेंटरला म्हणाली, "दिवा दाखवा." तुझी तारीख वाचली. मी पोचलो तेव्हा ती तो पत्रा पदरानं पुसत होती. मी म्हटलं, "कापेल हाताला." ती म्हणाली, "तुम्ही तिकडं व्हा."

तेव्हापासून घरात बोलणं कामापुरतं. तुमच्या आईच्या अंत्यविधीला तुम्ही दोघं दोन कोपऱ्यांत उभे होतात, कारण तिनं तुला ते पत्र लिहिलं होतं, "माझ्या नवऱ्याचं नाव घालवणाऱ्याला माझं दार बंद." ते पत्र तिनं लिहिलं, पण शब्द मी सांगितले होते. परवा ती एवढंच म्हणाली, "तुमच्या एका भोकासाठी मी माझ्या आईच्या मागे एकटी रडले."

मी माफी मागत नाही असं समजू नकोस. मागतो. पण नुसती मागून गप्प बसणं मला जमणार नाही. काय करायचं ते ठरवलंय, केलं की कळवतो.

तुझा,
भाऊजी


१२ एप्रिल

बाळ,

केलं, म्हणून कळवतो.

त्या दिवशी दुकानात असलेल्या दहांपैकी पाच जण हयात आहेत आणि चालते-फिरते आहेत. टायरवाला, शेजारचा सुतार, आपला जुना पेंटर, बॅटरीवाला आणि सुट्या भागांच्या दुकानाचे मालक. पाचही जणांना गेल्या रविवारी अकरा वाजता बोलावलं. साहेब खुर्चीत. तुझी ताई न सांगता आली आणि दाराशी उभी राहिली. मी गाडीपाशी उभं राहून सगळं सांगितलं. भोक दाखवलं, पाणी ओतून दाखवलं, तुझी तारीख दाखवली. तू मला सांगितलं होतंस हेही सांगितलं, आणि मी काय उत्तर दिलं तेही.

टायरवाला म्हणाला, "आम्हाला तेव्हाच वाटलं होतं."

मी म्हटलं, "मग तेव्हा का बोलला नाहीस?"

"तुमच्याशी कोण बोलणार?" म्हणे.

सुतारानं मान डोलावली. त्याचा काय संबंध, तरी डोलावली.

त्यानंतर मी काम सुरू केलं. डावं सिल मी एकट्यानं करायचं ठरवलं. तुझा आतला पत्रा जिथे चांगला आहे तिथे ठेवला, सडलेला भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापत गेलो, दोन बोटं पुढेच कापला, कमी नाही. पुठ्ठ्याचे फर्मे केले, एक मिलिमीटरचा पत्रा त्यावरून कातरला. टाका मारला की दुसरा टाका लांब तिकडे, मग पुन्हा इकडे, मध्ये ओलं फडकं, म्हणजे पत्रा तापून लाटा मारत नाही. हे मीच तुला शिकवलं होतं आणि मीच विसरलो होतो. अलीकडे पोरं एका दमात वेल्ड ओढतात, मीही ओढायला लागलो होतो. पहिला तुकडा बिघडला. काढून फेकला. दुसरा बसला तो असा बसला की सांधा नखाला लागत नाही. नव्हतं जमत म्हणून सोडलं नव्हतं, आळसानं सोडलं होतं, एवढं तरी सिद्ध झालं. हात अजून आहे माझा. ते मी कुणापुढेही सांगेन.

मागच्या कमानी झाल्या, मडगार्डांचे कोपरे झाले, बॅटरीखालचा पत्रा झाला. पन्हळीची दोन्ही भोकं पेन्सिल जाईल एवढी मोकळी केली आणि कडांना जस्ताचा रंग दिला.

मग जॅक. साहेबांनी हट्टच धरला. म्हणाले, "त्याच जागी लावा." डाव्या सिलखाली, अगदी त्याच ठिकाणी लावला आणि चाक जमिनीवरून वीतभर उचललं. मग मी मडगार्डात हात घातला, खांद्यापर्यंत. साहेब म्हणाले, "पुरे, मिस्त्री." मी म्हटलं, "पाच मिनिटं होऊ द्या." त्यांनी घड्याळ लावलं. तुझी ताई त्या दिवशीही येऊन दाराशी उभी होती. ओरडली नाही, पण पाच मिनिटं होताच म्हणाली, "झालं ना? काढा आता." तीन आठवड्यांत माझ्याशी ती कामाव्यतिरिक्त बोललेलं हे पहिलं वाक्य. सिल केसभर हललं नाही.

सोबत तिचं पाकीट आहे. चिकटवलेलं आहे, मी वाचलेलं नाही. मी विचारलं, "मी काही सांगू का?" ती म्हणाली, "गेल्या वेळी सांगितलंत तेवढं बास."

भाऊजी


२ मे

बाळ,

तुझी दोन्ही पत्रं काल एकाच टपालात आली. ताईचं जाडजूड. ती ते घेऊन आतल्या खोलीत गेली, दार लावून घेतलं, आणि बाहेर आली तेव्हा डोळे सुजलेले होते, पण चहा दोन कप केला. दीड महिना मी माझा मीच करून घेत होतो. त्यावरून मजकुराचा अंदाज केला, विचारलं नाही.

माझ्या पत्रात तीन ओळी. पुन्हा पुन्हा वाचल्या, म्हणून पाठ झाल्यात. "तुम्ही म्हणता म्हणून मी मानणार नाही. स्वतः बघेन. पंधरा तारखेला सुट्टी आहे, तोवर डावी बाजू रंगवू नका."

शाबास. मी तुझ्या जागी असतो तर हेच लिहिलं असतं, फक्त शिव्या घालून.

तू "माफ केलं" असं लिहिलं नाहीस ते मी पाहिलं. नको लिहूस. बघायला येतोयस, एवढं मला पुरे आहे. पत्रा बघून जे मत होईल ते होईल. आणि माझ्याबद्दलचं मत पत्र्यावरून बदलू नकोस, ती दोन वेगळी कामं आहेत.

डावी बाजू उघडी आहे. पुट्टी नाही, प्रायमर नाही, नुसता पत्रा. गंज धरू नये म्हणून रोज सकाळी दुकान उघडलं की तेलाचं फडकं फिरवतो. दार अजून पक्कं बसवलेलं नाही. बिजागरीपाशी एक फट मला खुपतेय, वरच्या कोपऱ्यात कागद जाईल एवढी. मी दोनदा काढून घातलं. तू असतास तर खालची बिजागरी आत घेतली असतीस, मला वाटतं वरची बाहेर काढावी. तू आलास की ठरवू. वाद होईल. होऊ दे.

साहेबांना तू येतोयस ते सांगितलं. ते त्या दिवशी टाय लावून येणार आहेत. त्यांना तुझ्याशी स्वतः बोलायचं आहे आणि मी तेव्हा दुकानाबाहेर उभं राहायचं, अशी त्यांची अट आहे. मी मान्य केली.

स्टेशनवर ताई येईल. मी येणार नाही. तुम्ही दोघं आधी भेटा, घरी जेवा, तिनं तुझी खोली लावायला घेतलीय. मी दुकानात असेन. येताना दिवा तुझा आण, माझ्या दिव्यावर विश्वास ठेवू नकोस.

पेंटर रोज सकाळी विचारतो, सुरू करू का. आजही विचारलं. त्याला सांगितलंय, पंधरा तारखेनंतर ये, आणि मला विचारू नकोस, धाकट्या मिस्त्रींना विचार.

तुझा भाऊजी